खुरावर उमटलेली तारीख

फोनवर मालक म्हणाले, "पाठ धरलीय तिची. सकाळपासून फिरवतोय, पण मोकळीच होईना." "फिरवणं थांबवा, आहे तिथेच उभी राहू द्या," एवढं सांगून मी निघाले. घोडी अठरा वर्षांची, कडक जमिनीवर पाऊल टाकायला तयार नाही आणि वळताना जास्तच अडखळते, हे ऐकल्यावर माझं लक्ष पाठीकडे नव्हे, खुरांकडे गेलं होतं.

मी पोचले तेव्हा ती पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. मधूनच एक पुढचा खूर उचलायची, टेकवायची, मग दुसरा. दोन्ही खूर गरम. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला लागणारी नाडी निरोगी घोड्यात शोधावी लागते. इथे ती बोटांखाली थाडथाड उडत होती. खुराचा पुढचा भाग चिमट्याने हलकाच दाबला, तर तिने पाय हिसकावून घेतला. लॅमिनायटिस.

खुरातलं हाड खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुटू लागले की वरून जनावराचं वजन हाडाला खाली ढकलतं आणि पायाच्या मागून खाली येणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्याला मागे ओढते. अशा घोडीला चालवलं तर उरलेला जोडही फाटत जातो. मालकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "दोन दिवस उपाशी ठेवू का? वजन तरी उतरेल." तेही नाही. अंगावर चरबी असलेलं जनावर एकदम उपाशी राहिलं, की चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकतं.

भुशाचा खोल बिछाना केला, तळव्यांना जाड मऊ पॅड बांधले, वेदनाशामक दिलं आणि पुढचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. अर्धा तास बर्फ लावून काढून घेण्यात अर्थ नसतो. तो सुरुवातीचे दोन-तीन दिवस सलग लागतो. मोतद्दाराने रात्रीही तो कमी पडू दिला नाही. एक्स-रेमध्ये हाड किंचित फिरलेलं दिसलं, पण तळव्याची जाडी अजून बरी होती.

खरी उकल नालबंदाने केली. त्याने खुराच्या भिंतीवरच्या कड्यांवरून बोट फिरवलं. पुढे एकमेकींना चिकटलेल्या, टाचेकडे पसरत गेलेल्या. त्यांतली सगळ्यांत ठळक कडी केसांच्या रेषेपासून साधारण तीन सेंटिमीटर खाली होती. खूर महिन्याला सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा कमीच वाढतो. म्हणजे तीन-चार महिन्यांपूर्वी या खुरांमध्ये आधीच काहीतरी होऊन गेलं होतं. मालकांना आठवलं: तेव्हा आठवडाभर ती जरा आखडून चालत होती, मग आपोआप बरी झाली.

माझ्या मते लॅमिनायटिसमध्ये सगळ्यांत धोकादायक असते ती ही 'आपोआप बरी' होणारी वेळ. खुरातली आग शमते, कारण तसंच राहतं.

मोतद्दार इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "डॉक्टर, थंडीतली लव यंदा हिची झडलीच नाही. मी सांगितलं होतं, पण सगळे म्हणाले, म्हातारी झालीय." त्याचं निरीक्षण सोन्यासारखं होतं. लांब केस, पाठीवरचे झिजलेले स्नायू, सुटलेलं पोट, वाढलेली तहान हे निव्वळ म्हातारपण नव्हतं. त्यात अयाळीखाली चरबीचा कडक वळ.

संशय पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराचा होता. त्यात वाढणारं एसीटीएच हे संप्रेरक तीव्र वेदनेनेही वाढतं, म्हणून दुखणं ओसरल्यावर रक्त घेतलं. एसीटीएच आणि इन्सुलिन, दोन्ही चढलेली. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या भागावर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. उतारवयात तो सैल पडला की ग्रंथी अनावर होते आणि एसीटीएच वाढतं. पण पापुद्र्यांना सैल करतं ते मुख्यतः रक्तात सतत वाढलेलं इन्सुलिन, आणि गोड कोवळ्या गवताने, धान्याच्या चंदीने ते आणखी भडकतं.

डोपामिनचं काम करणारं औषध, पर्गोलाइड, सुरू केलं. ते रोज, आयुष्यभर. सुरुवातीला तिची भूक मंदावली, तेव्हा मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. चंदी बंद, कुरणही बंद. तिचं वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणून दिवसाला सहा किलो वाळलं गवत, तेही तासभर पाण्यात भिजवून साखर उतरवलेलं. ते पाणी फेकून द्यायचं. सोबत खनिजं. नालबंद दर चार-पाच आठवड्यांनी पुढचा भाग घासून कमी करतो.

त्याच तबेल्यात एक गुबगुबीत तट्टू होतं, सगळ्यांचं लाडकं. वय जेमतेम नऊ, केस चकचकीत, चाल सरळ. मानेवरचा वळ मात्र तसाच. मी त्याचंही रक्त घेतलं, तेव्हा मालक म्हणाले, "याला काय झालंय?" अजून काही नव्हतं, इन्सुलिन मात्र वाढलेलं निघालं. त्याला पर्गोलाइड नको होतं, वजन उतरवायला हवं होतं. त्याच्या तोंडाला चरताना जाळी बसली, आणि खूर शाबूत असल्यामुळे घोडीला जे देता येत नव्हतं ते त्याला देता आलं: रोजची दुडकी चाल. घोडीची लव पुढच्या मोसमात वेळेवर झडली. तट्टाच्या खुरांवर अजून तशी एकही कडी आलेली नाही. नालबंद दर वेळी आधी तेच पाहतो.