सर्व्हेयर व्हायचंय, सुरुवात कुठून करू? (तुम्ही विचारलंत म्हणून)

कुणाचा मुलगा दहावी-बारावी झाला की फोन येतोच, दादा सर्व्हेयर व्हायचं तर कोर्स कोणता, टोटल स्टेशनचा (कोन आणि अंतर मोजायच्या मशीनचा) क्लास लावू का, आणि दुसऱ्याच वाक्याला, पगार किती. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंकच पाठवीन.

आधी हे ठरवा की कुठला सर्व्हेयर. गावात लोकांना मोजणीवालाच माहीत असतो, म्हणजे भूमी अभिलेखचा भूकरमापक. तिकडं जायला सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेयर ट्रेड लागतो, शिवाय टायपिंग, मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द. वेतनश्रेणी 19,900 ते 63,200. पण भरती काही दरवर्षी निघत नाही, त्यामुळं अभ्यास करत नुसतं घरी बसू नका, जवळपास कुठंतरी साइट धरा आणि फॉर्म भरत रहा.

मोजणीच्या कामात मशीनपेक्षा रेकॉर्ड मोठं. जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचा मापं लिहिलेला कच्चा नकाशा, हातात घेतलं की त्यात मीटर नसतात, साखळी आणि आणे असतात. 33 फुटाची साखळी, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटाहून जरासा जास्त. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि असे 40 गुंठे की एकर. आता हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारं मशीन आलंय, त्याला दुरुस्ती पाठवणाऱ्या कायमच्या कॉर्स स्टेशनांचं राज्यात जाळं झालंय, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत पॉइंट मिळतो, पण त्या रोव्हरला बांध कुठं होता ते माहीत नसतं. ते टिपण, फाळणी (जमिनीच्या वाटण्यांचा नकाशा), गटबुक (गटाच्या मोजणीचं रेकॉर्ड) वाचून, जुने दगड शोधून तुम्हालाच ठरवायचं असतं, तेही दोन्ही भावकी डोक्यावर उभी असताना. ज्याला कागद वाचायचा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत.

दुसरी वाट माझी, साइटची. रस्ते, पूल, बिल्डिंग, मेट्रो, कॅनॉल. इथं सुरुवात बहुतेकांची स्टाफ (आकडे लिहिलेली उंच पट्टी) किंवा प्रिझम (मशीनचा किरण परत फिरवणारी काच, काठीवर लावलेली) धरण्यापासून होते आणि नेमकं तेच पोरांना नको असतं, डिप्लोमा करून काठी धरायची का म्हणतात. अरे बाबा, काठी धरणाऱ्यालाच कळतं की पॉइंट कुठं घ्यायचा, नाल्याचा तळ कुठला आणि काठ कुठला, काठी सरळ आहे का ते दाखवणारा बबल जरा हलला की वरची प्रिझम किती सरकते. मशीनवाला लांब सावलीत असतो, त्याला जमीन दिसतच नाही.

मग लेव्हल शिका. टोटल स्टेशन नाही, साधी ऑटो लेव्हल, उंचीतला फरक मोजायची दुर्बीण. मशीन दोन पॉइंटच्या मधोमध लावायचं, बॅकसाइट (मागच्या, उंची माहीत असलेल्या पॉइंटवरचं रीडिंग) आणि फोरसाइट (पुढच्या पॉइंटवरचं) यांचं अंतर साधारण सारखं ठेवायचं, कारण मशीनची लाइन थोडी वर-खाली गेलेली असली तरी दोन्हीकडं फरक सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. पान संपलं की खाली बॅकसाइटच्या बेरजेतून फोरसाइटची बेरीज वजा करा, उत्तर शेवटच्या आणि पहिल्या आरएलमधल्या (आरएल म्हणजे पॉइंटची काढलेली उंची) फरकाएवढं आलंच पाहिजे. पण एवढ्यावर खूश होऊ नका, यातून फक्त तुमचं गणित बरोबर ठरतं, रीडिंग चुकीचं लिहिलं असेल तर ते यात सापडत नाही. त्यासाठी परत बेंचमार्कवर, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवर येऊन क्लोज करावं, म्हणजे उंची जुळते का बघावं लागतं. किलोमीटरभराच्या फेरीला फरक 12 मिमीच्या आत बसायला हवा असा बऱ्याच ठिकाणी हिशोब असतो. संध्याकाळी पाच वाजता, पीसीसीची (पायाखालच्या साध्या काँक्रीटची) गाडी येऊन उभी आहे, ठेकेदार चल चल करतोय, अशा वेळी जो पोरगा म्हणतो थांबा जरा, क्लोज करून येतो, तो पुढं सर्व्हेयर होतो.

टोटल स्टेशनचा क्लास लावा की, नाही कुठं म्हणतोय, बटणं आठवडाभरात येतात. पण क्लासमध्ये जे धड सांगत नाहीत ते असं, की लायकाच्या मशीनमध्ये ज्या गोल प्रिझमला 0 कॉन्स्टंट (अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती) धरतात तीच प्रिझम दुसऱ्या कंपनीच्या मशीनसमोर लावली तर उणे 34.4 मिमी टाकावं लागतं. नाही टाकलं तर प्रत्येक अंतर साडेतीन सेंटिमीटरनं चुकणार आणि स्क्रीन मात्र मिलिमीटरपर्यंत आकडे दाखवत राहणार. साइटवर कुणाची तरी प्रिझम उधार आणणं तर रोजचंच. म्हणून सकाळी टेपनं मोजलेलं एक अंतर मशीननं घेऊन बघायचं, दोन मिनिटं लागतात.

ऑटोकॅड, नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, मात्र हवंच, त्याशिवाय आता कुणी उभं करत नाही. ड्रोनचं सगळेच विचारतात. गावठाणं ड्रोननं मोजली, पुरंदरच्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला, पुढं देशभर गावातल्या घरांचा हक्काचा कागद देणारी स्वामित्व योजना आली, सगळं खरंय. पण उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि फोटो जमिनीला बसवायला ग्राउंड कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा, कुणीतरी रोव्हर घेऊन उन्हात घेतलेलेच असतात. चंद्रपूर-वणीकडच्या पोरांनी खाणीचाही विचार करावा, तिथं डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याची, सर्व्हेयरची परीक्षा वेगळी असते, अवघड आहे पण पास झालात तर ते सर्टिफिकेट आयुष्यभर कामाला येतं.

प्रायव्हेटमधला पगार किती ते सांगत नाही, कंपनी, शहर, साइट बदलली की आकडा बदलतो. एवढंच सांगतो की सुरुवातीला कमीच असतो, आणि राहायची-जेवायची सोय कंपनीची आहे का ते धरून हिशोब करा, लांबच्या साइटवर निम्मा पगार खोलीभाड्यातच जातो.

मुलींनी यावं का असंही दोघी-तिघींनी विचारलं. यावं. भूमी अभिलेखमध्ये मुली आहेत, मेट्रोच्या साइटवर आहेत. रस्त्याच्या कामावर अडचण मशीनची नसते, दिवसभरात वीस-वीस किलोमीटर टॉयलेट नसतं ही असते. इंटरव्ह्यूला लाजू नका, सरळ विचारा, तुमच्या साइटवर सोय काय आहे, गाडी मिळणार का. आणि मुलांनो, तुम्हीही विचारा.