खालची फळी

सोमवार, रात्री

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी 36 फूट. इशारा पातळी 39, धोका पातळी 43. कोल्हापुरात, आमच्या शाहूपुरीत हे आकडे पोराटोरांनाही पाठ आहेत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे अजून उघडलेले नाहीत, त्यामुळं घाबरायचं काही कारण नाही. पण ऑफिसातून आल्या आल्या मी कपाटाच्या खालच्या फळीवरची पुस्तकं उचलून पलंगावर ठेवलीच. ह्यांनी विचारलं, "परत?" म्हटलं, "परत."

2019 च्या ऑगस्टात घरात पाणी शिरलं तेव्हा सिलिंडर, कागदपत्रं, आईंची औषधं वर नेली. पुस्तकांचा नंबर लागलाच नाही. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पुस्तकं निघेचनात. भिजून फुगली होती आणि एकमेकांना दाबून इतकी घट्ट बसली होती की फळीच खालून ठोकून काढावी लागली. साध्या कागदाची बरीचशी वाचली. पंख्याखाली उभी करायची आणि थोड्या थोड्या वेळानं पानं सुटी करत राहायचं, एवढंच काम घरात चाललं होतं. गुळगुळीत आर्ट पेपरची मात्र एकही हाती लागली नाहीत. त्या कागदावरचा लेप भिजला की पान पानाला चिकटतं, आणि वाळलं की संपलं, सुरीनंसुद्धा सुटत नाही. 2021 ला पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं.

म्हणून कुणी छापील पुस्तकाच्या वासाबद्दल हळवं व्हायला लागलं की मला हसू येतं. जुलैत कोल्हापुरातल्या पुस्तकाला एकच वास, बुरशीचा. वेखंडाची पूड, डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला, सगळं करून झालंय. पानं दमट लागतात ती दसऱ्यापर्यंत.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे भाचा पुण्याला जाताना त्याचा ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, किंडल, इथं ठेवून गेलाय. "आत्या, गणपतीपर्यंत वापरून बघ. पटला तर तुझ्यासाठी नवा मागवू या." नवा म्हणजे सोळा-सतरा हजार. मी त्याला म्हटलं, आधी बघू तरी दे.

बुधवार

बघितला. डोळ्यांना फोनसारखा टोचत नाही, हे पहिल्याच रात्री मान्य. ह्यांची झोप न मोडता दिवा बंद करून वाचता येतं, तेही मान्य. लाईट गेली तरी वाचन चालू राहतं, आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कशी जाते ते सांगायला नको.

तो चालतो कसा, हे भाच्यानं फोनवर समजावलं. पडद्याच्या आत केसाच्या जाडीइतक्या बारीक असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, त्यांच्यावर उलटसुलट विद्युतभार. वीज दिली की पाहिजे तिथं काळे वर येतात, बाकी ठिकाणी पांढरे. एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, लागते ती पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस बघायला नको. आणि अक्षर दिसतं ते बाहेरच्या उजेडानं, कागदासारखंच. अंधारात कडेचे बारीक दिवे पानावर उजेड पाडतात. गच्चीत उन्हात फोन काळा पडतो, हा उलट जास्त ठसठशीत दिसतो. (ऊन पडलं तर. सध्या नाही.)

तक्रार आहे ती मराठीबद्दल. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली ती 2016 च्या डिसेंबरात. तेव्हापासून बरीच भर पडलीय, पण मी उघडलेल्या कादंबरीत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. मजकूर सगळा मराठी, आणि दर ओळीत दोन-तीन अक्षरं पाहुण्यासारखी बसलेली. दहा-बारा पानांनंतर सवय होते, नाही असं नाही. पण लहानपणापासून जे अक्षर बघितलं ते नसलं की वाचताना कुठंतरी अडखळतंच.

मग एक जुनं पुस्तक स्कॅन केलेलं होतं, त्याची पीडीएफ टाकून बघितली. ती नाहीच जमली. स्कॅनचं पान म्हणजे फोटो, त्यातली अक्षरं मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. डावीकडून उजवीकडं सरकवत एक परिच्छेद वाचला आणि बंद केलं.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर वाचायच्या पुस्तकांची यादी असते. तीही ताडून बघितली. मोठ्या प्रकाशकांच्या चालणाऱ्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं, इंग्रजीवरून केलेले अनुवाद मिळतात. छोट्या प्रकाशकांचे कवितासंग्रह, एकच आवृत्ती निघून संपलेली पुस्तकं, जुने दिवाळी अंक यांचा पत्ता नाही. माझ्या यादीत नेमकी हीच जास्त.

शुक्रवार, दुपार (ऑफिसला दांडी, पाऊस)

आज ते यंत्र आईंच्या हातात दिलं.

सासूबाई आयुष्यभर वाचत आल्यात. करवीर नगर वाचन मंदिराच्या त्या जुन्या सभासद. 1850 सालची ती लायब्ररी. आता त्यांच्या वतीनं पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं वाचन कमी झालं ते डोळ्यांपेक्षा पुस्तकांच्या वजनामुळं. त्यांना आवडतात ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि त्यातली एकही सहाशे पानांच्या आत संपत नाही. एका हातात भिंग धरलं की दुसऱ्या हातानं तेवढं बाड पेलत नाही. मग पोटावर उशी, उशीवर पुस्तक, आणि दहा मिनिटांत मान दुखायला लागते.

अक्षर मोठं करत करत एका ओळीत चार-पाच शब्द राहतील इथवर आणलं. जेमतेम दोनशे ग्रॅम वजन. आईंनी भिंग बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. मी शेजारी बसून राहिले, त्यांना काही अडेल म्हणून. काही अडलं नाही. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो तेव्हा तेवढं दचकल्या, "गेलं का काय?" मग तेही नाही.

अर्ध्या तासानं म्हणाल्या, "बरं हाय की गं. पण ह्यात किती वाचून झालं ते कळत न्हाई." मी खाली दाखवलं, सहा टक्के. "टक्क्यात कसलं सांगतंय? कारखान्यातला साखरेचा उतारा हाय व्हय?"

दुसरा प्रश्न मात्र खरा होता. "झालं वाचून की शेजारी कसं द्यायचं?" आईंची एक वही आहे, कुणाला कुठलं पुस्तक दिलं, कधी दिलं, आलं का. शेजारच्या काकूंपासून दूधवाल्याच्या सुनेपर्यंत सगळ्यांची नावं त्यात आहेत. काही पुस्तकं परत येत नाहीत, मग आई दारात जाऊन मागून आणतात आणि तिथंच बसून त्यावर तासभर बोलून येतात. त्यांच्या लेखी पुस्तक वाचून संपतं ते त्या गप्पांनंतर. मी म्हटलं, द्यायचं झालं तर हे यंत्रच द्यावं लागेल. त्यांनी ते उशीखाली सरकवलं.

रविवार

दिवसभर मी लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरते, त्यामुळं अटी-शर्तींचा बारीक मजकूर वाचायची खोड आहे. तो वाचला. बटणावर लिहिलेलं असतं खरेदी, पण अटींत स्पष्ट आहे की मिळतो तो वाचायचा परवाना. तो खातेदारापुरता, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. 2009 च्या जुलैमध्ये अमेरिकेत तर विकणाऱ्याकडं हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, आणि पुढं माफीही मागितली. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून जपून ठेवायची सोय होती, तीही 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद.

कराचंही सांगते, धंदाच तो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आधी 18 टक्के होता, 2018 मध्ये 5 वर आला, तोसुद्धा ज्याची छापील आवृत्ती आहे त्यालाच. रक्कम किरकोळ आहे, पण पुराच्या गावात राहणाऱ्या बाईनं छापील सोडून दुसरं घ्यायचं तर वर कर भरायचा, हे मला पटत नाही.

एक बाजू मात्र भक्कम आहे. लेखक गेल्यावर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन खुलं. विकिस्रोत या इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथसंग्रहातून अशी मराठी पुस्तकं ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करून फुकट उतरवता येतात, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं आणि ती कुणी परस्पर काढूनही घेऊ शकत नाही. कोल्हापूरकर म्हणून खांडेकरांचं बघितलं. ते 1976 ला गेले, तेव्हा 2036 संपेपर्यंत थांबायचं.

रात्री भाच्याला फोन केला. नवा मागवू नकोस, हाच मला विक. सोळा हजारात चारशेची चाळीस पुस्तकं येतात, आणि माझ्या यादीतली बहुतेक ह्यावर मिळायचीच नाहीत. मला लागतील ती मी छापीलच घेईन, लायब्ररीतून आणीन. खालची फळी यंदा काढूनच टाकू, सुताराला सांगितलंय. त्या जागी बूट-चपला राहतील, भिजल्या तर भिजू देत. यंत्र आईंचं. जाडजूड कादंबऱ्या आणि जुनं खुलं साहित्य त्यांना त्यावर, आणि जे शेजारी फिरवायचं ते कागदावर.

तो म्हणाला, "पैसे कसले देतेस, राहू दे आईआजीला. फक्त माझं खातं काढून तुमचं लावायला लागेल." लावू या म्हटलं. मग त्यालाच आठवलं, त्याचं खातं काढलं की त्याच्या खात्यावर घेतलेली पुस्तकं यंत्रातून जाणार. आई जी कादंबरी वाचतायत ती त्याच्याच खात्यावरची. आज 41 टक्के झालीय. तर संपेपर्यंत खातं त्याचंच राहील, आणि तोवर आईंना त्याच्या नावावर येणाऱ्या परीक्षेच्या पुस्तकांच्या जाहिरातीही बघाव्या लागतील.