राम जोशींच्या मागावर : उन्हाळ्यातले पाहणे, ऐकणे आणि वाचणे

या उन्हाळ्यात हाताला लागेल ते पाहण्याऐवजी एकाच धाग्याने जायचे, असे मी ठरवले आणि त्याची सुरुवात आमच्या सोलापूरच्या दोन माणसांपासून केली. राजकमल कलामंदिरने १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आणि पुढच्याच वर्षी 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला. दोन्ही चित्रपटांचे नायक सोलापुरात जन्मलेले आणि दोन्हींना संगीत वसंत देसाई यांचे, ही गोष्ट आपल्या गावात अजून मोठ्याने सांगितली जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

कोटणिसांवरचा चित्रपट मी भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकात जाऊन आल्यावर पाहिला. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातील हा तरुण १९४२ मध्ये तिकडेच वारला आणि चारच वर्षांत व्ही. शांताराम यांनी स्वतः त्याची भूमिका करून ही कथा पडद्यावर आणली. संवाद काही ठिकाणी भाषणासारखे लांबतात. तरीही दुःख ताजे असताना केलेल्या कामाची एक निकड त्यात सतत जाणवते.

मी खरा रमलो तो राम जोशींमध्ये. पुराणिकांच्या घरातला, संस्कृत शिकलेला हा माणूस डफ-तुणतुण्याच्या नादी लागला, आणि त्याच्या लावणीत पंडिताची भाषा व फडाचा ठेका एकत्र आले. 'सुंदरा मनामध्ये भरली' ही त्यांची लावणी चित्रपटात जयराम शिलेदार यांनी गायली आहे. हेडफोन लावून ती सावकाश ऐकली, तेव्हा तिची बांधणी उलगडली. 'भरली', 'ठरली', 'शिरली' ही यमके एकापाठोपाठ एक येऊन श्वासही घेऊ देत नाहीत, आणि मग 'मोत्याचा भांग' या शब्दांवर ओळ अलगद उतरते. पुढच्या ओळीत 'पुरली', 'विरली', 'फिरली' असे पुन्हा तेच चढवून 'कुणाची सांग'वर सोडून दिले आहे. शिलेदार संगीत नाटकांतून आलेले गायक नट असल्यामुळे एवढ्या घाईतही एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येते. ज्यांनी ही लावणी फक्त समारंभात, कर्णकर्कश ध्वनिवर्धकावर ऐकली असेल, त्यांनी मूळ ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे.

त्याच ओढीने वसंत देसाई यांचे संगीत असलेला १९५१ चा 'अमर भूपाळी' पाहिला. होनाजी बाळा यांच्या जीवनावरच्या या चित्रपटातील 'घनश्याम सुंदरा' सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही. मात्र हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास एकच संगीतकार दोन शाहिरांना किती वेगळा स्वर देतो, हे चांगले कळते.

व्हिडिओ गेममध्ये यंदा एकच : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० साली आलेला 'राजी'. भाऊ गोलूला असुरांनी पळवल्यावर त्याच्या शोधात निघालेल्या राजीची ही कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत, कीर्तनातल्या बुवांसारखी सांगत जातात, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांमधून दिसतात. लढाया मला साधारण वाटल्या, आणि कॅमेरा आपल्या हाती नसल्यामुळे उड्या मारताना अंतराचा अंदाज चुकतो. पण कथनाची ही रीत आपल्याकडची आहे आणि ती खेळात शोभून दिसते. निम्म्याहून अधिक खेळ झाला आहे.

सध्या अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र वाचत आहे. 'लोकशाहीर राम जोशी'मधील बया म्हणजे त्याच. पडद्यावर इतक्या सहज वावरणाऱ्या या अभिनेत्रीच्या वाट्याला आलेले आयुष्य तिच्याच थेट, आडपडदा न ठेवणाऱ्या बोलण्यातून वाचताना काही पानांवर थांबावे लागते. बयेची भूमिका आता पुन्हा पाहिली, तर ती मला निराळीच दिसेल, यात शंका नाही. पुस्तक संपले की त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' पाहायचा आहे. त्यानंतर मोरोपंतांच्या आर्यांकडे वळेन, कारण राम जोशी त्या आर्या कीर्तनातून गात असत आणि त्यांच्या शब्दकळेचा उगम मला तिथे शोधायचा आहे.