लॉरेल कॅन्यन ते सनसेट स्ट्रिप: पायी कुठे जावं आणि कुठे मुळीच जाऊ नये

लॉस एंजेलिसला गेलात तर सनसेट बुलेवार्डवरून लॉरेल कॅन्यन या डोंगरातल्या वस्तीत पायी चढू नका. सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. ‘कॅन्यनमधून निवांत चालत जा, साठच्या दशकातल्या रॉक संगीताची हवा अनुभवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यावर विसंबून निघालेला माणूस पहिल्या वळणावरच अडकतो.

सनसेट आणि क्रेसेंट हाइट्सच्या चौकापासून कॅन्यन कंट्री स्टोअर या दुकानापर्यंतचं अंतर साधारण दीड किलोमीटर. सिंहगड चढणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण फूटपाथ सुरुवातीला सोबत करतो, मग तुटक होतो आणि नेमका वळणावळणाच्या भागात दगा देतो. एका अंगाला टेकडी कापून बांधलेली भिंत, तिच्यावरून रस्त्यावर ओघळलेले वेल आणि पांढऱ्या पट्ट्याच्या आत हातभर जागा. कचरा उचलायच्या दिवशी त्या हातभर जागेत काळे, निळे, हिरवे डबे ओळीनं उभे असतात, म्हणजे दर डब्यापाशी रस्त्यावर उतरायचं. हा रस्ता सॅन फर्नांडो खोरं आणि शहर यांना जोडतो, त्यामुळे सकाळी गाड्यांचा लोंढा खाली शहराकडे आणि संध्याकाळी वर खोऱ्याकडे. गर्दीच्या वेळी गाड्या मुंगीच्या गतीनं सरकतात, धूर खावा लागतो, पण जिवाला धोका कमी. खरी भीती दुपारची. रस्ता मोकळा असतो, गाडी वेगात वळण घेते आणि चालणारा माणूस तिला अगदी शेवटी दिसतो.

तरीही चालायची वेळ आलीच, तर डाव्या कडेनं चाला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि आपली सवय उलटी असते, त्यामुळे हे घोकून ठेवा. डावी कडा वळणाच्या आतल्या अंगाला येत असेल तर वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडचं सरळ दिसतंय अशा जागी थांबून पलीकडे जा. कानात हेडफोन नको, कपडे फिक्या रंगाचे घाला, अंधार पडल्यावर पाऊलही टाकू नका. मोबाईलची रेंज कॅन्यनमध्ये ये-जा करते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे मेट्रो या तिथल्या शहर वाहतूक सेवेची २१८ नंबरची बस. ती लॉरेल कॅन्यन बुलेवार्डनंच जाते. तिकीट १.७५ डॉलर; टॅप या मेट्रोच्या कार्डावर दोन तासांत दुसरी बस पकडली तर वेगळे पैसे पडत नाहीत. सनसेटवरून २ नंबरची बस धावते, तिच्यातून उतरून हिच्यात चढायचं. वेळापत्रक मात्र बघूनच निघा, चुकली तर पुढची लगेच येत नाही, आणि परतीची वेळ लिहून घ्या. दुकानासमोर गाडी लावायची जागा मोजकी आणि ती गिऱ्हाइकांसाठी, त्यामुळे स्वतःची गाडी आणून सुख नाही.

आता पैसे उकळण्याबद्दल. हॉलिवूड बुलेवार्डवर उघड्या टपाच्या व्हॅनमधून ‘रॉक स्टार्सची घरं’ दाखवणाऱ्या टूर विकल्या जातात. बसच्या तिकिटाच्या वीसपटीहून जास्त पैसे मोजून हाती काय येतं? मलहॉलंड ड्राइव्ह या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावरून शहराचा देखावा, काही फाटकं, आणि लुकआउट माउंटन अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ‘हे फ्रँक झॅपाचं लाकडी घर’ असं बोट दाखवणं. ते घर तिथे नाही. झॅपा १९६८ मध्ये काही महिने त्या लाकडी बंगल्यात राहिले आणि बंगला १९८१ मध्ये जळून गेला. आज तिथे उतार, झाडं आणि कुंपण आहे. दुकानामागे रॉथडेल ट्रेलवर द डोअर्स या बँडचे गायक जिम मॉरिसन राहत असत ते घरही २०११ च्या डिसेंबरअखेरच्या जाळपोळीत होरपळलं होतं. हे न सांगता पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे. अशी टूर घेऊ नका.

लुकआउट माउंटनवर गायिका जोनी मिचेल राहिलेलं घर उभं आहे, पण ते खाजगी आहे. रस्त्यावरून एक नजर टाकायची आणि पुढे व्हायचं. जिना चढणं, फाटकाशी फोटो काढणं सोडा. डेव्हिड क्रॉसबी, स्टीफन स्टिल्स आणि ग्रॅहॅम नॅश १९६८ मध्ये पहिल्यांदा एकत्र गायले ते याच घरात की गायिका कॅस एलियटच्या, यावर खुद्द त्या तिघांचं एकमत नव्हतं. त्या उतारावर पाच मिनिटं उभं राहिलं की हा गोंधळ कसा होत असेल ते कळतं. घरं एकमेकांच्या डोक्यावर रचल्यासारखी आहेत. वरच्या ओसरीवर कोणी बोललं तरी खाली ऐकू येतं. भाडी परवडायची त्या काळात गाणारी माणसं इथे दाटीवाटीनं राहिली, आणि डोंगर उतरला की दहा-पंधरा मिनिटांत खालच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांच्या दारात. हे अंतर आणि ही दाटी जागेवर गेल्याशिवाय उमगत नाही. कॅन्यनला जायचं कारण मला तरी एवढंच दिसतं, आणि ते पुरेसं आहे.

कंट्री स्टोअर म्हणजे किराणा आणि सँडविचचं दुकान. द डोअर्सच्या १९६८ च्या एका गाण्यात याचा उल्लेख आहे. पाण्याची बाटली इथेच भरून घ्या, वर काही मिळत नाही.

खाली उतरलात की सनसेट-क्रेसेंट हाइट्सच्या चौकात जे वाहतुकीचं बेट आहे तिथे थांबा. बघायला काहीच नाही, तरी थांबा. इथे पँडोराज बॉक्स नावाचा छोटा क्लब होता. १८ वर्षांखालच्या मुलांनी रात्री दहानंतर रस्त्यावर थांबायचं नाही, या संचारबंदीविरुद्ध १२ नोव्हेंबर १९६६ ला पोरंपोरी इथे जमली आणि पोलिसांशी झटापट झाली. बफेलो स्प्रिंगफील्ड या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं यातूनच आलं. पुढच्या वर्षी क्लब पाडला गेला. या भागात वाढलेल्या त्या पिढीला रॉक संगीत म्हणजे रात्री या फूटपाथवर उभं राहता येणं, आणि तेच काढून घेतलं जात होतं.

इथून पश्चिमेला व्हिस्की अ गो गो हा क्लब अडीच किलोमीटरच्या आसपास. हे मात्र बिनधास्त चाला, फूटपाथ रुंद आहे. व्हिस्की १९६४ मध्ये सुरू झालं. १९६६ मध्ये द डोअर्स इथे रोज वाजवायचे आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना काढून टाकलं गेलं. जवळच रॉक्सी हा दुसरा क्लब, १९७३ चा. तिथून डोहेनी रस्त्याच्या बाजूनं सँटा मोनिका बुलेवार्डवर उतरलं की ट्रुबाडोर हा क्लब. २५ ऑगस्ट १९७० ला एल्टन जॉन यांचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम इथे झाला. एकच रात्र हाताशी असेल तर ट्रुबाडोरच निवडा. दालन इतकं लहान आहे की मागच्या भिंतीला टेकूनही गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात. बसायला जागा नगण्य, तीन तास उभं राहायची तयारी ठेवा. कानातले बोळे न्याच; आवाज अंगावर येतो. तिकिटावरची वेळ दार उघडायची असते, मुख्य गायक बराच उशिरा येतो. वयाची अट कार्यक्रमागणिक बदलते, मुलं बरोबर असतील तर आधी बघा.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून तिकिटाची किंमत सगळे आकार धरूनच दाखवायचा कायदा आहे, तेव्हा शेवटच्या पायरीवर नवी रक्कम वाढली तर तिकीट घेऊ नका. खाण्यापिण्याच्या जागांना यातून सूट आहे. तिथे मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात सेवा आकार लिहिलेला असतो, विक्रीकर वेगळा लागतो आणि वर टिप अपेक्षित असते. सेवा आकार आधीच लावलाय का ते बिलावर वाचा, मगच टिपेचा आकडा टाका. गाडी नेलीत तर खांबावरच्या सगळ्या पाट्या वरपासून खालपर्यंत वाचा. एकाच खांबावर झाडलोटीची वेळ, रहिवाशांचा परवाना आणि मीटर असे तीन नियम असतात, आणि कुठलाही एक मोडला तरी दंड. फूटपाथच्या लाल रंगवलेल्या कडेला गाडी कधीच लावू नका.

सॅन फ्रान्सिस्कोत असला त्रास नाही. हेट-अॅशबरी हा हिप्पींचा जुना भाग आरामात चालून होतो, फिलमोर या संगीतगृहाला ३८ नंबरची बस नेते, तिथे दारात सफरचंदांचं टोपलं असतं, त्यातलं एक उचला. मुंबईकरांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं: १८ जून १९६७ च्या दुपारी माँटेरी पॉप महोत्सवाच्या मैदानावर रविशंकरांबरोबर तबल्यावर अल्लारखाँ होते, आणि माहीमचे झाकीर हुसेन पुढे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात राहून ग्रेटफुल डेड या बँडच्या मिकी हार्टबरोबर वाजवत. त्यांचा दिगा ऱ्हिदम बँडचा १९७६ चा अल्बम जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत विचारून बघा. हेट स्ट्रीटवर अमीबा हे रेकॉर्डचं दुकान आहे, त्या जागी पूर्वी बोलिंगचा हॉल होता, तिथे रेकॉर्डच्या रांगा चाळायला किमान दोन तास ठेवा आणि पाठीवरची पिशवी घेऊन जाऊ नका. गाडीत तर ती मुळीच ठेवू नका, काच फुटते.