झटके मारणारा थ्रॉटल आणि फुकट शिव्या खाल्लेला ईसीयू

बरेच महिने माझं एकच रडगाणं चालू होतं, गाडी झटके मारते. सिंगल सिलिंडर ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीची बाईक) आहे, मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी पळते, पण दगडगोट्यांतून पहिल्या गिअरला हळू जायचं म्हटलं की रेस सोडून परत जराशी दिली तरी धाडकन उडी, घाबरून सोडली की नाक खाली, तेवढ्यात खड्ड्यात हात हलतो आणि परत उडी. एका चढावर वळताना याच नादात आडवा झालो, आरसा गेला.

ज्याला विचारावं तो म्हणे रिमॅप कर, म्हणजे ईसीयूचं, इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, सेटिंग बदल. आता त्यात तथ्य नाही असं नाही, एमिशनसाठी मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवलेलं असतं आणि वरच्या आरपीएमला थ्रॉटल पूर्ण बंद केला की इंजेक्टर पेट्रोलच तोडतो, ते परत सुरू होताना धक्का बसतोच. पण म्हटलं आधी फुकटातलं बघू.

ग्रिपवर मार्करने रेघ मारली आणि हळूहळू फिरवत गेलो, केबल ताणली जाईपर्यंत चांगली 8 मिमी मोकळीच फिरली! मॅन्युअलमध्ये 2 ते 4 लिहिलंय. लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टर फिरवला, 3 वर आणला. मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं बरं का, आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढलं तर केबल जास्त ताणलीय, हे विसरलात तर वळणात गाडी आपोआप रेस घेईल.

चेनही ढिली निघाली. इथे पण हौसेने घट्ट करू नका, या गाड्यांचा सस्पेन्शन ट्रॅव्हल मोठा, मागचं चाक वर गेलं की चेन आणखी ताणते, म्हणून मॅन्युअल सांगेल तेवढा झोल ठेवायचाच.

खरा चोर मात्र चाकात होता. चाक धरून मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हलवला तर टक्‌टक् आवाज. उघडलं तर कपलिंग रबर (स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये धक्के झेलणारे रबर) दबून चपटे झालेले, एक तर चिरलेला. म्हणजे केबलचा झोल, चेनचा झोल, रबरचा झोल, सगळे मिळून एकदमच लाथ मारत होते आणि मी बिचाऱ्या ईसीयूला शिव्या देत बसलो होतो.

नवीन रबर टाकल्यावर निम्म्याहून जास्त त्रास गेला. उरलेला हाताचा. आता हळू जाताना रेस पूर्ण सोडतच नाही, किंचित चालू ठेवून मागचा ब्रेक हलका दाबतो, चेन ताणलेलीच राहते. अंगठा स्विचच्या डबीला टेकवला की हातही कमी हलतो.

अगदी खालच्या आरपीएमला अजून ठोके देते, मोठा सिंगल आहे, देणारच. म्हणून हळू जाताना इंजिन जरा वर फिरावं यासाठी पुढचा स्प्रॉकेट एक दात लहान आणून ठेवलाय, रविवारी बसवतो.