कोड मी लिहिला, पण मालक कंपनी

पुण्यातले जुने मित्र फोनवर हमखास म्हणतात, "अरे, टूल तूच लिहिलंस ना? मग टाक की गिटहबवर!" गिटहब म्हणजे कोड ठेवायची आणि वाटायची वेबसाइट; पण तिथे टाकता येत नाही. नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचे सगळे आर्थिक हक्क मालकाकडे जातात, वेगळा करार नसेल तर. मी नोकरी करतो जर्मनीत; इथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६९ब मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. आपल्या १९५७ च्या कायद्याचं कलम १७ सुद्धा जवळपास हेच सांगतं, फक्त ते उघडून बघतो कोण!

तर टूल खुलं करायची परवानगी कंपनीकडे रीतसर मागायचं ठरवलं. टूल तसं किरकोळ: निरनिराळ्या यंत्रांचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, एका साच्यात आणणारं. म्युनिकमधली आमची कंपनी यंत्रं विकून कमावते, या टूलमधून तिला एक सेंटही मिळत नाही. अर्जाची पहिली ओळ तीच. ओपन सोर्सने, म्हणजे कोड सगळ्यांना खुला केल्याने, जगाचं भलं होतं वगैरे मी लिहिलंच नाही. बॉसला एवढंच हवं होतं की उद्या बाहेरच्यांनी बग कळवले तर ते निस्तरणार कोण आणि कधी. कामाच्याच वेळेतले आठवड्याला दोन तास मान्य करून घेतले. (रविवारी लॅपटॉप उघडून बसणाऱ्याचं इथे कुणी कौतुक करत नाही. बरंच आहे.)

खरी झडती घेतली ती कायदा विभागातल्या बाईंनी. लायसन्सचं, म्हणजे इतरांनी कोड कोणत्या अटींवर वापरायचा याचं, पटकन आटपलं: एमआयटी या तयार लायसन्समध्ये पेटंटचा उल्लेख नाही, अपाची २.० मध्ये आहे, म्हणून अपाची. मग त्या म्हणाल्या, "आणि जुने कमिट्स?" कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची जतन केलेली नोंद; गिट हे साधन अशा सगळ्या नोंदी ठेवतं. कोड आम्ही साफ केला होता, पण गिटच्या या इतिहासात चाचणीची एक जुनी फाइल होती आणि तिच्यात एका ग्राहकाच्या कारखान्यातल्या यंत्रांची खरी नावं. शिवाय प्रत्येक कमिटवर कुणाचं तरी नाव आणि ईमेल, नोकरी सोडून गेलेल्यांचेही. २०१८ मध्ये लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्यानुसार ही वैयक्तिक माहिती. शेवटी सगळा इतिहास मागे ठेवून नव्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एकाच कमिटने सुरुवात केली. जीवावर आलं. नाव द्यायला होकार कळवलेल्यांची नावं वेगळ्या फाइलमध्ये घातली.

बॉस कॅन्टीनमध्ये "चालेल" म्हणाले होते, तरी मेल येईपर्यंत मी थांबलो. मेलमध्ये टूलचं नाव, लायसन्स आणि मी मुद्दाम मागून घेतलेलं एक वाक्य आहे: या टूलमधले पुढचे बदल पुन्हा न विचारता प्रसिद्ध करता येतील. ते नसतं, तर साध्या दुरुस्तीसाठीही त्याच बाईंचं दार ठोठवावं लागलं असतं.