बारावीनंतरचं मस्टर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अकाउंट्स शिकवते. बारावीचा निकाल लागतो, टक्केवारी फलकावर चढते, मार्कलिस्ट वाटून होतात आणि त्या बॅचशी आमचा संबंध संपतो. यंदा जानेवारीत आम्ही काही शिक्षिका मागच्या बॅचमधल्या सगळ्यांना फोन लावायला बसलो. कॉलेजला जातोस ना? पहिल्या सेमिस्टरला विषय राहिले का?

हे डोक्यात आलं ते शिकागोबद्दल वाचून. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली दाखवून दिलं, की नववीत, म्हणजे त्यांच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, जी मुलं रुळावर असतात ती चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. रुळावर म्हणजे पुरेसे विषय पूर्ण आणि मुख्य विषयात फार तर एका सत्रात नापास. अमेरिकेतल्या शाळा नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या कॉलेजप्रवेशाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला नावं पाठवून कोण कॉलेजात गेलं, कोण दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलं, हेही काढतात. आमच्याकडे फोनच.

कॉलेज सोडलेल्यांत कच्चीच मुलं निघतील अशी सगळ्यांची खात्री. पण अकाउंट्समध्ये वर्गात पुढे असलेल्या एका मुलीच्या घरी फोन लागला आणि आई म्हणाली, "टीचर, ती आता वाळपईत दुकानात कामाला जाते."

संध्याकाळी ती स्वतः बोलली. कॉलेज पणजीत, वाटेत बस बदलायची. पहिली बस चुकली की सकाळचे तास बुडायचे. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली, परीक्षेला बसू देणार नाहीत या धास्तीने तिने जाणंच सोडलं. कॉलेजात कुणाला सांगितलंस का, विचारलं. "कोणाला सांगू?" म्हणाली.

मी कपाटातून तिचं अकरावीचं मस्टर काढलं. जून ते सप्टेंबर जवळजवळ दर आठवड्याला गैरहजेरी. मग कॉलेज सोडलेल्या बाकीच्यांची पानं काढली. मार्क सगळ्या तऱ्हेचे, पावसाळ्यातली गैरहजेरी मात्र बहुतेकांची तशीच. एवढ्याशा बॅचवरून नियम बांधता येत नाही, हे मान्य. पण घरून निघून वर्गात पोचणं कुणाला जड जातं, हे आमच्या मस्टरमध्ये दोन वर्षं आधी लिहिलेलं होतं, आणि टक्केवारीत त्याचा मागमूस नव्हता.

तिला साखळी शहरातलं सरकारी महाविद्यालय सुचवलं. घरापासून जवळ, कॉमर्सही आहे. जूनमध्ये फॉर्म भरायला ती तयार आहे. यंदाच्या बारावीची यादी आम्ही केली: पावसाळ्यातली हजेरी, अकरावीत राहिलेले विषय, घरापासून बसपर्यंतचं अंतर. ती प्राचार्यांकडे दिली आहे. पालकांची संमती घेऊन ती कॉलेजच्या प्राध्यापकांनाही द्यावी, आणि या मुलांच्या पालकांना प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधीच बोलवावं, हा माझा आग्रह आहे.